रहमतजवळचा कागद

'काबुलीवाला' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. रहमतजवळचा कागद कशाचे प्रतीक आहे? उत्तरही ठरलेलंच, 'पित्याच्या प्रेमाचे.' दोन गुण, पुढचा प्रश्न! उत्तर चूक नाही हो. पण तिथेच थांबलो तर रवींद्रनाथांची १८९२ सालची ही कथा मुलांपर्यंत अर्धीच पोचते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ती वस्तू मुलांना नीट बघू द्या. तो फोटो नाही, चित्र नाही. लहान मुलीच्या हाताला दिव्याची काजळी फासून कागदावर उठवलेला ठसा आहे. कागद मळका, घड्या घातलेला. रद्दीवालाही घेणार नाही असा. दरवर्षी सुकामेवा विकायला कलकत्त्याला येणारा रहमत तो अंगरख्याच्या आत, छातीशी जपून ठेवतो.

आता बघा, लेखक हा कागद कधी बाहेर काढतो? थेट शेवटी. मिनीच्या लग्नाचा दिवस. कैद भोगून आलेल्या रहमतला मिनीचे वडील 'आज घरात कार्य आहे' म्हणून वाटेला लावतात. तो दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. मिनीसाठी आणलेला मेवा पुढे करतो. वडील पैसे द्यायला लागतात, तेव्हा त्यांचा हात धरतो आणि मग तो कागद उलगडतो. इतका वेळ आपण त्याला मिनीचा मित्र समजत होतो. ती मैत्री खरीच होती, पण मिनीकडे बघताना त्याला कोण दिसत होतं ते आत्ता कळतं. वडिलांचे डोळे भरून येतात.

पण खरी मेख पुढे आहे. वडील मिनीला बाहेर बोलावतात. समोर येते ती नवरीच्या वेषातली, लाजणारी तरुणी. रहमत गोंधळतो, आणि ती आत गेल्यावर मटकन जमिनीवर बसतो. कारण ठसा वाढत नाही! कागदावरचा हात तेवढाच राहिला, घरची मुलगी मात्र वाढत राहिली. जपलेली वस्तू माणसाला धीर देते, तशी ती फसवतेही. 'प्रेमाचे प्रतीक' एवढंच लिहिलं की नेमकं हेच सुटतं.

प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला चिमटा याच्याशेजारी ठेवून बघा. हमीद तो नवा कोरा विकत आणतो, आजीचे हात उद्या भाजू नयेत म्हणून. तीही प्रेमाचीच वस्तू, पण तिची नजर पुढे आहे. कागदाची मागे.

वर्गात 'माझी आवडती वस्तू' लिहायला सांगितलं की सायकल, मोबाईल, घड्याळ येतं. मुलं तरी काय करणार, आपणच किमती नमुने वाचून दाखवतो. ज्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि जे आजीजवळ राहतं, त्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं. मात्र त्याला सर्वांसमोर उभं करू नका, वहीत लिहू द्या. आणि त्या लिखाणाला गुण नकोत.

शेवटी मिनीचे वडील रोषणाई आणि बँडचा खर्च कमी करून रहमतला घरी जायला पैसे देतात. कथा तिथे संपते. पुढच्या तासाला मुलांना एवढंच विचारा: मोठी झालेली मुलगी समोर आल्यावर रहमतने त्या कागदाचं काय केलं असेल?