पाच मिनिटांची फुरसत

परवा कॉलेजातून निघालो तो डोके भणभणत होते. हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, दिवाळी तोंडावर आणि नांदेडची गाडी चुकलेली! नायगावच्या थांब्यावर बसून डोळे मिटले. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची १० दिवसांची शिबिरे भरतात. तेथे पहिले ३ दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायला शिकवतात. मीही तेवढेच केले. श्वास लांबवायचा नाही, कोंडायचा नाही. मन पळाले, तर न चिडता परत आणायचे. पाचच मिनिटे!

घरी चिरंजीवांनी भीतभीत प्रगतिपुस्तक पुढे केले. गणितात नापास. मी सही केली आणि त्याला जवळ बसवले. आमच्या हिने काळजीने विचारले, “बरं नाही का वाटत?”

वाचकहो, तेव्हा मात्र मी वरमलो!