आकाशचिन्हांचे नियम

इमारतीच्या माथ्यावर किंवा खांबावर उभारलेली आणि रस्त्यावरून पाहताना मागे आभाळ दिसेल अशी अक्षरे वा आकृती, तिला महानगरपालिकेच्या कायद्यात ‘आकाशचिन्ह’ म्हणतात. याच 1949 च्या अधिनियमातील कलम 244 अशा चिन्हांसाठी आणि कलम 245 जाहिरातींसाठी आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक ठरवते. 1964 मध्ये सोलापुरात महानगरपालिका आली आणि हा कायदा शहराला लागू झाला.

त्या काळी फलक म्हणजे पेंटरने रंगवलेली पत्र्याची पाटी, नाहीतर दोन खांबांमध्ये ताणलेले कापड. ते करायला वेळ आणि पैसा लागे, त्यामुळे संख्येला आपोआप आळा बसे. फ्लेक्सच्या छपाईने तो आळा संपवला. सोलापूरकर ज्याला नुसते ‘डिजिटल’ म्हणतात, ते सकाळी सांगितले की संध्याकाळी चौकात लागते. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात कापडी फलकाची जागा प्लास्टिकने घेतली. राज्य शासनाने 2022 मध्ये महानगरपालिकांसाठी जाहिरात फलकांचे नवे नियम केले. शहराला त्यांची अंमलबजावणी तीन बाजूंनी पाहावी लागते.

पहिली बाजू सुरक्षिततेची. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात फलक कोसळून 17 जणांचा जीव गेला. मुंबईत 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना तो फलक 120 बाय 120 फुटांचा होता. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते, आणि वाऱ्याचा जोरही त्याच प्रमाणात सांगाड्यावर येतो. सोलापुरात वळीव एप्रिल-मे महिन्यांत झोडपतो. म्हणून सांगाड्यांची तपासणी दरवर्षी मार्चअखेर पुरी व्हायला हवी.

दुसरी बाजू भाषेची. दुकानांच्या कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. मात्र इतर लिपींना मज्जाव नाही. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात ही तरतूद नीट समजावून सांगणे दंडाइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरी बाजू तात्पुरत्या फलकांची, आणि खरी अडचण इथेच आहे. वाढदिवस, निवड, जयंती, श्रद्धांजली अशा निमित्तांनी लागलेले डिजिटल निमित्त सरले तरी खांबावरच राहते. सिग्नल झाकला जातो, वळणावर समोरची गाडी दिसत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचे सात नंदीध्वज उभे धरून मिरवले जातात, तेव्हा रस्त्यावर आडव्या आलेल्या प्रत्येक फलकाची अडचण होते. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणाऱ्या 1995 च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण फलकावर ज्यांचे फोटो असतात, ते आपण तो लावलाच नाही असे सांगून मोकळे होतात.

यावर उपाय साधा आहे. परवानगीचा क्रमांक, फलक उतरवण्याची तारीख आणि छापणाऱ्याचे नाव प्रत्येक डिजिटलवर छापलेले असावे, आणि ते नसेल तर फलक त्याच दिवशी उतरवावा. तसे झाले तर दिवाळीच्या शुभेच्छांचे फलक तुळशीच्या लग्नानंतर चौकात लोंबकळत राहणार नाहीत.