न दिलेल्या विजेचा हिशेब

‘बिलं भरायची नाहीत आणि लाईट मात्र चोवीस तास पाहिजे.’ गावाकडच्या विजेचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेले. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे बुद्रुक, वरकुटे खुर्द यांसारख्या गावांविषयी ते बोलणाऱ्याला एक साधी गोष्ट माहीत नसते. गावात दोन हिशेबांची वीज येते. घरातला मीटर वेगळा, शेतीपंपाचे कनेक्शन वेगळे. घरातल्या विजेला गाव पूर्ण दराने पैसे मोजते, त्यात शेतकरी म्हणून सवलत नाही.

तो दर एकदा मांडून पाहू. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांना युनिटमागे 4 रुपये 71 पैसे आणि वर 1 रुपया 17 पैसे वहन आकार होता. म्हणजे 588 रुपये. त्यात 128 रुपये स्थिर आकार आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क मिळवा. इंधन समायोजन आकार न धरताही बिल 830 रुपयांवर जात होते. कागदावरचे 4 रुपये 71 पैसे हातात पडेपर्यंत 8 रुपये 30 पैसे होत होते. 101 वे युनिट तर 13 रुपयांच्या पुढे पडत होते. स्थिर आकार 2020-21 मध्ये 100 रुपये होता, तो चार वर्षांत 128 झाला. गावातली लाईट चार दिवस बंद राहिली तरी स्थिर आकारातला एक रुपया कमी होत नाही. युनिटचा दर पुण्यात जो, तोच वरकुट्यात. दुरुस्तीची मुदत मात्र नियमानेच गावाला जास्त आणि शहराला कमी. सारखा दर घेऊन उणी सेवा द्यायची आणि तक्रार करणाऱ्यालाच फुकटा म्हणायचे, हा अन्याय आहे.

आता शेतीपंपांची थकबाकी. हा आक्षेप खरोखर मोठा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. 2020 साली कृषिपंप वीजजोडणी धोरण आले तेव्हा राज्यातल्या शेतीपंपांची थकबाकी सुमारे 45 हजार कोटी रुपये सांगितली जात होती. त्याच धोरणात व्याज, दंड आणि निर्लेखन वजा केल्यावर ती सुमारे 30 हजार कोटींवर आली. शेतकऱ्याने पैसे भरण्याआधीच एक तृतीयांश येणे गळून पडले. मग इतकी वर्षे शेतकऱ्याच्या नावावर फिरवलेला तो मोठा आकडा कशाचा होता?

लाखो पंपांना मीटर नव्हता आणि त्यांची बिले अश्वशक्तीवर काढली जात. मीटर होता तिथेही रीडिंग न घेता सरासरी युनिटे टाकल्याच्या तक्रारी गावोगावी आहेत. पंप 5 एचपीचा आणि बिल साडेसात एचपीचे, ही तक्रार तर शेतकऱ्यांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. शेतीचा वापर खरोखर किती, हे तपासायला वीज नियामक आयोगाने कार्यगट नेमला होता. शेतीच्या नावावर दाखवलेला वापर प्रत्यक्षापेक्षा जास्त असल्याचे त्यातून पुढे आले आणि 2020 च्या दरनिश्चितीत आयोगाने तो आकडा खाली आणला. शेतीचा वापर फुगवून दाखवला की तारांमधली गळती आणि दुसऱ्यांनी केलेली चोरी आपोआप शेतकऱ्याच्या खात्यात जाते. जो हिशेब नियामकानेच दुरुस्त केला, त्याच्या जोरावर शेतकऱ्याला बुडवा ठरवता येणार नाही.

‘आता तर वीज मोफत झाली, मग कसली तक्रार?’ हा नवा आक्षेप. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे 44 लाख पंपांना एप्रिल 2024 पासून पाच वर्षे ती लागू आहे आणि तिचा वर्षाचा खर्च 14,760 कोटी रुपये सांगितला गेला. हे पैसे सरकारी तिजोरीतून वीज कंपनीला मिळायचे आहेत. वीज कायदा 2003 च्या कलम 65 प्रमाणे अनुदानाची रक्कम सरकारने आगाऊ द्यावी लागते. म्हणजे शेतकऱ्याचे बिल आता सरकार भरते. बिल कोणीही भरो, पैसे घेणाऱ्यावर सेवेची जबाबदारी तितकीच राहते. शिवाय मोफतचा अनुभव आपल्याला आहे. 2004 च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली गेली. डीपी म्हणजे रोहित्रे मात्र तेव्हाही जळत होती.

डीपीचेच पाहा. 63 केव्हीएच्या रोहित्रावर 5 एचपीचे दहा-अकरा पंप नीट चालतात. त्यावर वीस पंप आले की व्होल्टेज घसरते. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, वायंडिंग तापते आणि जळते. मग ती बोअरमधून काढायची, भरायला टाकायची, परत सोडायची. त्यात पैसे जातात आणि पाण्याची पाळीही जाते. वायरमनच्या वाट्याला कित्येक गावे, त्यामुळे फ्यूज उडाला तर शेतकरीच डीपीची पेटी उघडतो. किटकॅटमध्ये योग्य जाडीची फ्यूजतार नसते, म्हणून ॲल्युमिनियमच्या तारेचा एक पदर काढून तो गुंडाळतो. अंधारात, ओल्या जमिनीवर उभे राहून. अशा कामात माणसे मेली आहेत. पदर वितळत नाही म्हणून पुढच्या वेळी फ्यूजऐवजी अख्खा डीपी जळतो. मग वर्गणी काढायची, ट्रॅक्टर जोडायचा आणि दुसरा डीपी आणायला जायचे. ज्या उसाला, डाळिंबाला त्या आठवड्यात पाणी हवे होते ते सुकलेले असते. या सगळ्याचा खर्च मोफत विजेच्या कोणत्याही आकड्यात धरलेला नाही.

चोरीचे म्हणाल तर आकडे पडतात, हे मी नाकारत नाही. आकडा टाकणारा शेजाऱ्याचे व्होल्टेज खातो. त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे आणि गावाने त्याला पाठीशी घालू नये. पण डीपीवर मीटर नसेल तर किती वीज आली, किती बिलात धरली आणि किती गायब झाली हे कोणालाच कळत नाही. मग चार जणांची चोरी चारशे जणांवर टाकणे सोपे जाते. मोजमाप सर्वांत आधी प्रामाणिक ग्राहकालाच हवे आहे.

दिवसा वीज ही मागणीही चैनीची नाही. थ्री फेजची आठ तासांची पाळी रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन बांधावर उभा राहतो, साप-विंचवाच्या सोबतीने. याच मागणीसाठी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी त्यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेसह कोल्हापुरात धरणे धरून बसले होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 16,000 मेगावॉटचे लक्ष्य घेऊन निघाला आहे. दिवसा वीज देण्याचा तो खरा मार्ग आहे आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण सौर प्रकल्पातली वीजही त्याच लोंबत्या तारांतून आणि त्याच डीपीतून पंपापर्यंत येणार. तारा, खांब आणि माणसे यांवर खर्च झाला नाही तर सूर्य डोक्यावर असूनही मोटर बंद राहील.

म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक डीपीवर मीटर बसवा आणि त्याचे आकडे महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तीन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी 2016 साली ठरलेली ग्रामविद्युत व्यवस्थापकाची योजना मनापासून राबवा. गावातलाच आयटीआय झालेला मुलगा साधने आणि विमा देऊन नेमा. आणि वीज बंद राहिल्याची भरपाई ग्राहकाने न मागता पुढच्या बिलात वळती करा. भरपाईचे तत्त्व वीज कायद्याच्या कलम 57 मध्येच आहे. 2014 च्या विनियमांत ग्रामीण भागातले नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलण्याची मुदत आणि उशिराच्या प्रत्येक तासाला 50 रुपये भरपाई ठरलेली होती. एका डीपीवर वीस शेतकरी असतील आणि दहा दिवस उशीर झाला, तर ती रक्कम 2 लाख 40 हजार रुपये होते. ती खरोखर द्यावी लागली असती, तर डीपी दहा दिवस पडून राहिला नसता.

तोवर वरकुट्याच्या आणि आसपासच्या ग्राहकांना एकच विनंती. डीपी जळाला की वर्गणी काढण्याआधी 1912 वर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. मग त्या डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मुदत उलटली तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे भरपाई मागा, तिथे न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपालाकडे जा. तोंडी तक्रारीचा कुठेच पुरावा राहत नाही.