उमेदवार ठरवील तोच राज्य करील!

मतदान हा लोकशाहीचा आत्मा आहे, असे सभासभांतून सांगणाऱ्या पुढाऱ्यांस आमचा एकच सवाल आहे : मतपत्रिकेवरील नावे कोणी ठरविली? ताटात काय वाढायचे ते दुसऱ्याने ठरवावे आणि त्यातील काय खायचे एवढेच आपण ठरवावे, याला अन्नावरील सत्ता कोण म्हणेल?

या बाबतीत अमेरिकेतील टेक्सास राज्याचा इतिहास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथे राज्य विधिमंडळाचे उमेदवार मतदारच निवडतात. त्यासाठी पक्षाची ‘प्रायमरी’, म्हणजे प्राथमिक निवडणूक होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता इतकी निरंकुश होती की, प्राथमिक निवडणूक जिंकल्यावर नोव्हेंबरातील निवडणूक हा निव्वळ उपचार उरे. सत्ताधाऱ्यांनी हे वर्म अचूक हेरले. १९२३ मध्ये त्यांनी कायदाच केला : डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयास मत नाही! नोव्हेंबरात खुशाल मत द्या; निकाल आम्ही आधीच लावून ठेवला आहे!

एल पासोचे डॉ. लॉरेन्स निक्सन न्यायालयात गेले. १९२७ मध्ये तो कायदा रद्द झाला. तेव्हा सत्ताधाऱ्यांनी पक्षाला पुढे केले आणि पक्ष ही खाजगी संस्था आहे, असा कांगावा केला. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला! अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात १९४४ मध्ये ही भिंत कोसळली. एकवीस वर्षांचा हा झगडा नोव्हेंबरातील मतासाठी नव्हता. उमेदवार ठरविण्याच्या मतासाठी होता.

पण दार उघडले म्हणजे घर मिळत नाही. बार्बरा जॉर्डन १९६२ व १९६४ मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी प्राथमिक निवडणुकीतच पराभूत झाल्या. मतदारसंघांची फेररचना झाली आणि १९६६ मध्ये प्राथमिक निवडणूक जिंकून त्या राज्याच्या सिनेटात पोहोचल्या. १८८३ नंतर तेथे बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य होत.

आणि आज? सम वर्षांच्या मार्चमध्ये ही निवडणूक येते आणि बहुसंख्य मतदार घरी बसतात! मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळच आखते. त्यामुळे अनेक जागांचा निकाल प्राथमिक निवडणुकीतच लागतो. मूठभर मतदार सदस्य निवडतात आणि ते सदस्य सर्वांसाठी कायदे करतात. ह्यूस्टन, डॅलसला स्थायिक होऊन नागरिकत्व घेतलेल्या मराठी बांधवांनो, गणेशोत्सवाची वर्गणी तुम्ही चुकवीत नाही. मग मार्चमधील हे मत का चुकविता? ‘नोव्हेंबरात बघू’ असे म्हणणारा लग्नाला पोहोचतो खरा, पण मुहूर्त टळल्यावर!

आणि सीमाभागातील वाचकहो, आपली स्थिती तर याहून दीन आहे. त्यांना तो हक्क आहे, पण ते वापरीत नाहीत. आपल्याला तो कायद्याने मिळालेलाच नाही. तिकीट दिल्लीत ठरो, बंगळुरूत ठरो वा आपल्याच गल्लीतील बंद खोलीत ठरो, मतदार बाहेरच उभा असतो. म्हणून उमेदवार लादणाऱ्याला, मग तो परका असो वा आपला, प्रथम हाच जाब विचारा : हे नाव ठरविताना आम्हाला कोणी विचारले? जो हा प्रश्न विचारणार नाही, त्याच्या बोटाला शाई लागेल; सत्ता मात्र दुसऱ्याच्याच हाती राहील!