कॉम्प्युटरची जागा वाढवताना

आमच्या गोरेगावात बहुतेक घरांत एक लोखंडी पेटी असते. सातबारा, जुन्या पावत्या, शाळेचे दाखले, निकाहनामे, आणि निजामाच्या काळातला एखादा उर्दू कागद तिच्यात जपलेला असतो. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन अभ्यासासाठी लॅपटॉप घेतला, आणि हळूहळू तोच घराची दुसरी पेटी झाला. निकाह-अकीक्याचे व्हिडिओ, नातेवाइकांचे फोटो, स्कॅन केलेले कागद, सारे त्यात गेले. एके दिवशी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. जागा संपली होती.

आम्ही हिंगोलीहून एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. तळहाताएवढी वस्तू, वायर जोडली की काम सुरू. लॅपटॉपने जागा ९३१ जीबीच दाखवली, तेव्हा वाटले, फसलो की काय! पण तसे नसते. कंपनी जीबी मोजताना हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो. वाचकांपैकी कोणाला असे दिसले तर दुकानदाराशी वाद घालू नये.

मग आम्ही एका बैठकीत सगळे फोल्डर लॅपटॉपमधून कट केले आणि डिस्कवर पेस्ट केले. लॅपटॉप मोकळा झाला, घरात सगळे खूश. चूक झाली ती इथेच, पण ती कळायला आठ महिने लागले.

ईदच्या दिवशी पाहुण्यांना जुने व्हिडिओ दाखवत होतो. धावत्या पोराचा पाय वायरीत अडकला आणि डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. वरून एक ओरखडाही नव्हता. पण पुन्हा जोडली तर आतून टिकटिक आवाज येऊ लागला आणि लॅपटॉप तिला ओळखेना. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावी लागेल, खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट, आणि तरी खात्री नाही. त्यात घरातल्या बायका-मुलींचे फोटो होते. ते अनोळखी हातांत द्यायला मन धजेना.

त्या डिस्कवर आमच्या अम्मींचा आवाज होता. एका दुपारी नातवंडांना भोवती बसवून त्यांनी आपल्या माहेरच्या गोष्टी सांगितल्या होत्या, तासाभराचे रेकॉर्डिंग होते. अम्मी आता नाहीत. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

एक गोष्ट मात्र वाचली. अब्बांच्या शाळाप्रवेशाच्या १९६४ सालच्या नोंदीचा उतारा त्याच डिस्कवर होता. आपल्यातील पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा घरांना त्याचे मोल सांगायला नको. ओबीसी दाखल्याच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आमच्या लेकीच्या प्रवेशाला तोच लागणार होता. पेटीतल्या मूळ कागदाला वाळवी लागलेली. सुदैवाने परभणीच्या चाचांना तो स्कॅन कधीतरी ई-मेलने पाठवला होता. त्यावरून रजिस्टर क्रमांक मिळाला आणि शाळेतून नवा उतारा काढता आला. मराठवाड्यात जुन्या कागदाची गरज केव्हा पडेल सांगता येत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद पुन्हा उघडावे लागले, हे आपण पाहिलेच.

जागा वाढवणे आणि जपून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कट-पेस्ट केल्याने जागा वाढते, पण प्रत एकच राहते; फक्त ती भिंतीआडच्या पेटीतून टेबलाच्या कडेवर येते.

या डिस्कच्या आत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई चकतीला न टेकता, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. चालू असताना धक्का बसला की सुई चकतीवर घासते. एसएसडी प्रकारात फिरणारा भागच नसतो, म्हणून ती धक्का जास्त सहन करते आणि वेगवानही असते; मात्र तेवढ्याच जागेला महाग पडते. पण तीही हरवते, चोरीला जाते, अचानक बंद पडते. दुसरी प्रत तिलाही चुकत नाही.

आता आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या आहेत. डिस्क टेबलाच्या मधोमध किंवा जमिनीवर सतरंजीवर ठेवायची, मांडीवर किंवा गादीवर नाही. वायर ओढून काढायची नाही. आधी ‘सेफली रिमूव्ह’ करायचे, कारण फाइल गेली असे दिसले तरी थोडे लिखाण बाकी असू शकते. लाइट सारखी जात असेल तेव्हा इन्व्हर्टरशिवाय मोठी कॉपी सुरू करायची नाही. वायर जोडायची ती निळ्या यूएसबी खाचेत, कारण ती बहुधा जलद प्रकारची असते. चार जीबीहून मोठा व्हिडिओ जात नसेल तर डिस्क एफएटी३२ प्रकारची आहे असे समजावे. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करता येते, पण फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, म्हणून हे काम नवी असतानाच उरकावे. प्रोग्रॅम मात्र असे उचलून डिस्कवर टाकू नयेत, ते चालत नाहीत. फोटो, व्हिडिओ, कागद एवढेच हलवावेत, आणि तेही आधी कॉपी करून, चार-दोन फाइली उघडून पाहून, मगच लॅपटॉपमधून पुसावेत.

महत्त्वाचे असे जे काही आहे ते आम्ही आता दोन डिस्कवर ठेवतो. एक आमच्या कपाटात, दुसरी परभणीला चाचांकडे. घराला आग लागली, पाणी शिरले, चोरी झाली, तरी दोन्ही एकदम जाऊ नयेत. रमजान ईद आणि बकरी ईदला येणे-जाणे असतेच. त्या वेळी डिस्कची अदलाबदल होते, नवे फोटो भरले जातात, आणि पडून राहिलेली डिस्क चालते की नाही हेही कळते. बायका-मुलींचे फोटो आणि आधारचे कागद पासवर्ड लावून ठेवले आहेत. पासवर्ड एका वहीत लिहून वही पेटीत ठेवली आहे, कारण पासवर्ड विसरला तर डिस्क असून नसल्यासारखी.

आपल्याकडे एक्स्टर्नल डिस्क असेल तर आज रात्री ती उघडून पाहा. तिच्यावर असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज असेल तर तो सगळ्यात आधी दुसरीकडे उतरवून घ्या. एक तासाचे रेकॉर्डिंग मोबाइलच्या कार्डावरही सहज मावते. आम्हाला ते वेळेवर सुचले नाही.