मुलीच्या गोळ्या परस्पर बंद करू नका

लग्नाच्या वयातल्या मुलीचा चेहरा गोल दिसू लागला, गालांवर मुरमे आली, की घरातल्या बायकांचे लक्ष आधी तिच्या गोळ्यांकडे जाते. "हार्मोनच्या गोळ्या आहेत, म्हणूनच फुगली," असे खाला म्हणते आणि फुफी मान डोलावते. चार दिवसांवर पाहुणे यायचे असतात. मग डॉक्टरांना न विचारताच गोळ्या बंद होतात. मुलीला किडनीच्या दाहाचा आजार असेल तर हा निर्णय तिच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून या वेळी हार्मोन, म्हणजेच संप्रेरके, आणि किडनी यांच्या नात्याविषयी.

उर्दूत ज्याला गुर्द्यांचा वरम म्हणतात, तोच मराठीत मूत्रपिंडाचा दाह. आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. त्यांतून टाकाऊ द्रव्ये लघवीत जातात आणि प्रथिने रक्तात राहतात. गाळण्यांना सूज आली की प्रथिने गळू लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, पाय सुजतात, रक्तदाब वाढतो. बहुतेक वेळा दुखत मात्र काहीच नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो.

तरुण मुलींमध्ये या दाहाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे ल्यूपस. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच यात आपल्या पेशींवर उलटते. सांधे दुखतात, उन्हात गेल्यावर गालांवर लाल चट्टा उठतो, केस गळतात, तोंडात फोड येतात, अंगात बारीक ताप राहतो. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या किडनीपर्यंत हा आजार पोहोचतो.

ल्यूपसच्या दर 10 रुग्णांमागे सुमारे 9 स्त्रिया असतात, आणि त्यांपैकी बहुतेकींना तो पाळी सुरू झाल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या काळात होतो. लहान मुलांत आणि उतारवयात स्त्री-पुरुषांमधला हा फरक बराच कमी असतो. यामागे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा हात आहे. रक्तात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना ते चेतवते, आणि ती प्रतिपिंडे किडनीच्या गाळण्यांत जाऊन अडकतात. इस्ट्रोजेन हे एकटेच कारण नव्हे. आनुवंशिकता आणि ऊन यांचाही वाटा असतो. पण मुलीने काही चुकीचे खाल्ले किंवा केले म्हणून हा आजार झाला, असे समजू नये.

एक संप्रेरक ही आग भडकवते, तर दुसरे ती विझवते. दोन्ही किडनींवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवते. त्याच्या औषधी उपयोगाची कथा वाचण्यासारखी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच या डॉक्टरांना दिसले की संधिवाताच्या स्त्रियांना गरोदरपणात आराम पडतो. शरीरातच काहीतरी दाह शमवणारे द्रव्य असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. 1948 साली त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांतच चालू लागली. 1950 चे नोबेल पारितोषिक हेंच यांना केंडाल आणि राइखश्टाइन या दोन शास्त्रज्ञांबरोबर मिळाले. आज किडनीच्या दाहात दिली जाणारी प्रेडनिसोलोनची गोळी, जिला आपण 'स्टेरॉइड' म्हणून घाबरतो, ती याच घराण्यातली.

आता मुख्य मुद्दा. ही गोळी काही आठवडे पोटात जात राहिली की शरीराची ग्रंथी आपले काम थांबवते. बाहेरून आयते मिळत असताना ती का राबेल? अशा वेळी गोळी एका दिवसात बंद केली, तर ग्रंथी लगेच जागी होत नाही. अशक्तपणा, उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम खाली येणे असे होऊन रुग्ण दगावूही शकतो. शिवाय दबलेला दाह पुन्हा उफाळतो आणि प्रत्येक उफाळ्यात काही गाळण्या कायमच्या बाद होतात. म्हणूनच डॉक्टर ही गोळी पायरी-पायरीने कमी करतात.

या गोळीचे दुष्परिणाम खरे आहेत. भूक आणि वजन वाढते, साखर चढते, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. त्यासाठी ती सकाळी, खाल्ल्यानंतर घ्यावी, मीठ-साखर कमी ठेवावी, हाडांसाठी कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारावे. चेहऱ्याचा गोलपणा डोस कमी होत गेला की हळूहळू उतरतो. निकामी झालेली किडनी मात्र परत येत नाही.

ल्यूपस असलेली मुलगी निकाह करू शकते, आईही होऊ शकते. पण आजार किमान 6 महिने शांत असावा आणि औषधे आधीच बदलून घ्यावीत. मायकोफिनोलेट आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवतात. पाळणा लांबवण्यासाठी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. किडनीचा दाह चालू असताना त्या टाळतात. हे सगळे नवऱ्याला आणि सासूला माहीत नसेल, तर ती मुलगी गोळ्या लपून खाणार, नाहीतर सोडून देणार. म्हणून आजार लपवून नाते जोडू नका. आधी सांगितल्याने एखादे स्थळ जाईल, पण मुलीचे औषध चुकणार नाही.

रमजानमध्येही डोसच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत. रोजे ठेवायचे की नाही हे रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

घरातल्या मुलीच्या डोळ्यांखाली रोज सकाळी सूज दिसत असेल किंवा लघवीला सतत फेस येत असेल, तर लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या. या साध्या तपासण्या आहेत आणि सरकारी रुग्णालयातही होतात. औषध सुरू असेल तर ते संपायच्या आत नवे आणून ठेवा, आणि पाहुण्यांसमोर तिच्या चेहऱ्याची चर्चा करू नका.