काढून टाकणे आणि पूर्ववत करणे

मांडव उतरवला म्हणजे अंगण पूर्ववत झाले, असे खेड्यात कोणी म्हणत नाही. मेढींचे खड्डे बुजवावे लागतात, अंगण पुन्हा सारवावे लागते. मांडववाला खड्डे तसेच टाकून निघून गेला, तर अंधारात पाय मुरगळतो तो घरच्या माणसाचा. संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा व्यवहार आपण सारेच विसरतो. 'काढून टाकले' म्हणजे 'पूर्ववत झाले' असे आपण धरून चालतो. ही समजूत किती महाग पडते, ते मी गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

वसतिगृहातील माझ्या एका मैत्रिणीने जुना लॅपटॉप विकत घेतला. पडद्यावरची चित्रे, ज्यांना आपण आयकॉन म्हणतो, तिला रुक्ष वाटली. तिने सजावटीचे एक सॉफ्टवेअर आणून बसवले. फोल्डर सोनेरी झाले, कचऱ्याची टोपली तांबडी झाली. आठ दिवसांत लॅपटॉप रखडत चालू लागला, तेव्हा तिने ते सॉफ्टवेअर काढून टाकले. पुन्हा सुरू करून पाहते तो काय! निम्म्या चित्रांच्या जागी कोरे पांढरे कागद, आणि उरलेली अजून सोनेरीच. घाबरून ती एका दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारावा लागेल." त्याने तो मारला. चित्रे परत आली. पण आईच्या तोंडून ऐकून तिने टंकलेल्या जात्यावरच्या ओव्यांची फाईल कायमची गेली. पुन्हा सांगशील का, असे विचारल्यावर आई म्हणाली, "अगं, जात्यावर बसल्याबिगर त्या येत न्हाईत. आन् जातं आता हाये कुठं?"

वस्तुतः बिघडले होते ते काय? पुढे आमच्या संगणक प्रयोगशाळेतील सरांनी समजावून दिले, तेव्हा कळले की रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. विंडोज प्रणालीत कोणत्या फाईलला कोणते चित्र दाखवायचे, याचे पत्ते 'रजिस्ट्री' नावाच्या मोठ्या नोंदवहीत लिहिलेले असतात. मूळ चित्रांपैकी बरीचशी 'शेल३२' आणि 'इमेजरेस' या प्रणालीच्या फायलींत साठवलेली असतात. सजावटीचे सॉफ्टवेअर हे पत्ते खोडून तेथे स्वतःच्या चित्रांचे पत्ते लिहिते. ते काढले की चित्रे जातात, पण पत्ते कधीकधी तसेच राहतात. पाडलेल्या घराच्या पत्त्यावर पत्र गेले तर पोस्टमन काय करणार? प्रणाली कोरा कागद दाखवते. शिवाय दर वेळी चित्र शोधायला नको म्हणून प्रणाली तयार चित्रांचा एक साठा जवळ बाळगते. त्याला 'आयकॉन कॅश' म्हणतात. त्यात जुनी चित्रे उरली, की सॉफ्टवेअर गेल्यावरही सोनेरी रंग रेंगाळतो. यांत कोठेही ओव्यांच्या फाईलला धक्का लागलेला नव्हता, हे ध्यानात घ्यावे.

आता उपाय. पहिला उपाय काढण्यापूर्वीचा : त्याच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन विंडोजची मूळ चित्रे आधी परत लावावीत आणि मगच ते काढावे. ही वेळ टळली असेल, तर तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवून, मूळ चित्रे लावून, मग ते रीतसर काढावे. ऐकायला उफराटे वाटते, पण ज्याने पत्ते बदलले त्यालाच ते बहुधा नीट परत लिहिता येतात. केवळ टोपली आणि 'धिस पीसी' यांचीच चित्रे बिघडली असतील, तर डेस्कटॉप आयकॉनच्या सेटिंगमध्ये 'रिस्टोअर डिफॉल्ट' हे बटण आहे. जुनी चित्रे रेंगाळत असतील, तर आयकॉन कॅशच्या फायली पुसाव्यात. संगणक पुन्हा सुरू झाला की प्रणाली त्या नव्याने तयार करते. 'सिस्टीम रिस्टोअर' आधीपासून चालू असेल, तर संगणक मागच्या तारखेच्या स्थितीला नेता येतो, आणि त्यात आपले लेखन पुसले जात नाही. सॉफ्टवेअरने प्रणालीच्या मूळ फायलीच बदलल्या असतील, तर त्या तपासून दुरुस्त करणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा आहे. रजिस्ट्रीला हात लावायचाच झाला, तर आधी तिची प्रत काढून ठेवावी. फॉरमॅट हा या यादीत शेवटचा. आणि तोही आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्यावरच.

कोणी म्हणेल, चित्रांसाठी एवढा ऊहापोह कशाला? पण ही चित्रे कोणासाठी निर्माण झाली, ते पाहावे. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रबंधात संगणकासाठी 'आयकॉन' हा शब्द योजला. १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या संगणकावर कागद, फोल्डर अशी कचेरीतील चित्रे आली. १९८४ च्या मॅकिन्टॉशची चित्रे सुझन केअर या चित्रकर्तीने चौकटींच्या कागदावर एकेक घर भरून आखली. ज्याला आज्ञा पाठ नाहीत, त्यालाही संगणक वापरता यावा, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू. म्हणजे चित्र हा नवख्यांचा दरवाजा आहे. आमच्या घरात माझ्यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मी संगणकावर प्रथम बसले, तेव्हा इंग्रजी शब्दांपेक्षा या चित्रांचा हात धरूनच चालले. ती एका रात्रीत कोरी झाली, तर जाणकार हसून दुरुस्त करील. आमच्यासारखीला मात्र 'आपल्याच हातून काहीतरी मोडले' असे वाटते. आणि भ्यालेला माणूस पहिला भेटेल त्याचा सल्ला ऐकतो.

आमच्या काही प्राध्यापकांचे म्हणणे, असली सजावट करावीच कशाला? मला हे पटत नाही. भाड्याच्या खोलीच्या दारातही आपण रांगोळी काढतो. वस्तू आपलीशी करावी ही इच्छा मुळीच दोषास्पद नाही. दोष आहे तो खड्डे न बुजवता जाणाऱ्याचा. जो सॉफ्टवेअर बनवतो, त्याने आत येण्याची वाट जितक्या काळजीने आखली, तितक्याच काळजीने बाहेर जाण्याची आखावी, हे त्याचे कर्तव्य आहे. आणि आपले कर्तव्य हे, की काहीही बसवताना 'हे निघेल कसे?' असा प्रश्न आधी विचारावा.

एक मागणी आपल्या महाविद्यालयाकडेही आहे. प्रयोगशाळेच्या दारावर एक पाटी लावावी : 'विद्यार्थ्याच्या फायलींची प्रत काढल्याशिवाय कोणताही संगणक फॉरमॅट करू नये.' आणि प्रथम वर्षाच्या मुलामुलींना वर्षातून एक तास तरी, बिघडलेले पूर्ववत कसे करावे, हे शिकवावे. पाटीला खर्च फारसा नाही. माझ्या मैत्रिणीने सुट्टीत आईजवळ बसून ओव्या पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. पहिल्या वहीत साठ होत्या. आजवर अठरा आठवल्या आहेत.